दस्तक, पास आणि नीयत

पुणे–लोणावळा लोकलमध्ये तिकीट तपासनीस चढला की डब्यातली कुजबुज थांबते. खिसे चाचपले जातात, पर्सच्या चेनी उघडतात, कुणी मोबाइल काढून पासचं पान शोधू लागतं. खडकीहून शिवाजीनगरला कॉलेजला जाणारी पोरं, दापोडी-कासारवाडीहून पुण्यात कामाला जाणाऱ्या बाया, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांकडे निघालेले कामगार, साऱ्यांची परीक्षा त्या दोन मिनिटांत होते. पासवर चार गोष्टी पाहिल्या जातात. नाव कुणाचं, मुदत कधीपर्यंत, हद्द कुठून कुठवर, आणि समोरचा माणूस तोच का. चारपैकी एक जरी चुकली, तरी खिशात पास असूनही आपण विनातिकीट ठरू शकतो.

आपल्या मोहल्ल्यांमध्ये या नियमांकडे दोन नजरांनी पाहिलं जातं. काहींना वाटतं, सरकारी गाडी आहे, भावाचा पास घेऊन गेलं तर कुणाचं काय बिघडतं? काहींना काळा कोट दिसला तरी घाम फुटतो. पास वैध असतो, तरी वाटतं की आपल्याला काहीतरी ऐकवलं जाणार. या दोन्ही नजरांवर इतिहासात एक उतारा आहे. तो सांगण्यासाठीच हा लेख.

सुरुवात शब्दांपासून करतो, कारण उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने माझा रोजचा संबंध शब्दांशीच येतो. मुदत, तारीख, हद्द हे शब्द अरबी. परवाना फारसी. मुसाफिर पुन्हा अरबी. पासवर जे जे तपासलं जातं, त्यातलं बरंच मराठी माणूस शेकडो वर्षं अरबी-फारसी शब्दांनीच सांगत आला आहे. ‘तारीख’ तर उर्दूत दोन अर्थांनी येतो, दिनांक आणि इतिहास. म्हणजे पासवर तारीख असते आणि पासला तारीख असते, ही दोन वेगळी वाक्यं झाली. आणखी एक शब्द आहे, ‘दस्तक’. उर्दूत आज त्याचा अर्थ दारावरची थाप. फारसीत ‘दस्त’ म्हणजे हात. पण मराठ्यांच्या काळातल्या कागदांत आणि मुघल दरबारात दस्तक म्हणजे हातात बाळगायचा परवाना. माल किंवा माणूस वाटेत अडवू नये म्हणून दिलेला कागद. आजच्या पासचा तो जुना भाऊबंद.

या दस्तकाने हिंदुस्थानच्या इतिहासात फार मोठा उत्पात घडवला. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियर याने ईस्ट इंडिया कंपनीला फर्मान दिलं. वर्षाला ३००० रुपये भरायचे आणि बंगालमध्ये कंपनीने आपला व्यापार जकातीशिवाय करायचा. कंपनीच्या मालाबरोबर दस्तक असे. नाक्यावर तो दाखवला की माल पुढे. सवलत कंपनीला होती, कंपनीच्या नोकरांच्या खासगी धंद्याला नव्हती. पण नोकरांनी आपला स्वतःचा मालही त्याच दस्तकावर न्यायला सुरुवात केली. पुढे तर हे दस्तक दुसऱ्या व्यापाऱ्यांना पैसे घेऊन वापरायला दिले जाऊ लागले. ज्याच्या नावाने सवलत होती तो एक, आणि सवलत उपभोगणारा भलताच. आजच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या पासवर प्रवास.

यात बुडाला कोण? नवाबाचा खजिना बुडाला हे खरंच, पण प्रामाणिकपणे जकात भरणारा स्थानिक व्यापारी त्याच्या आधी बुडाला. तो महाग पडला, दस्तकवाला स्वस्त. नवाब मीर कासिमने कंपनीकडे तक्रारी केल्या. काही चालेना, तेव्हा १७६३ मध्ये त्याने सगळ्यांचीच अंतर्गत जकात माफ करून टाकली. सवलत सगळ्यांना, म्हणजे मग कुणाला वेगळा फायदा नाही. कंपनीच्या लोकांना हे सहन झालं नाही. युद्ध पेटलं आणि २२ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सरला निकाल लागला. बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती गेली. तिथून वाढत वाढत ती सत्ता आपल्या दारापर्यंत आली. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांचं सैन्य आणि कंपनीचं सैन्य समोरासमोर आलं, ते याच खडकीच्या माळावर. बक्सर ते खडकी हा सगळा प्रवास दस्तकामुळे झाला असं म्हणणं बाळबोध होईल. पण ज्या सत्तेचा पाया घालताना दुसऱ्याच्या नावाचा परवाना बिनदिक्कत वापरला गेला, तिच्या नोकरांना दंड करायची ताकद तेव्हा कुणातच नव्हती, एवढं मात्र खरं.

पुढे रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला आणि रूळ खडकीतून गेले. १८६३ मध्ये बोरघाट पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. खडकीत छावणी होतीच. १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना उभा राहिला. साहेबाच्या कागदांवरची ‘किर्की’ आणि आपली खडकी, दोन्ही एकाच स्थानकावर उतरू लागल्या.

आता तिकीट. पुठ्ठ्याचं छोटं, जाड तिकीट ज्यांनी हाताळलं आहे त्यांना ते आठवत असेल. ही पद्धत थॉमस एडमंडसन या इंग्रज माणसाने बसवली. मूळचा फर्निचर बनवणारा, धंद्यात दिवाळं निघालेलं, आणि १८३६ मध्ये एका लहानशा स्थानकाचा स्टेशनमास्तर झालेला. त्याआधी तिकिटं हाताने लिहून दिली जात. किती विकली आणि किती पैसे आले, याचा मेळ लागत नसे. एडमंडसनने छापील पुठ्ठ्यांवर ओळीने क्रमांक टाकले आणि तारीख उमटवणारं यंत्र केलं. संध्याकाळी शेवटचा क्रमांक पाहिला की गल्ल्यात किती रक्कम असायला हवी ते कळे. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिकिटावरचा क्रमांक आणि तारखेचा ठसा हे नुसते प्रवाशाला पकडण्यासाठी नव्हते, ते खिडकीमागच्या बाबूलाही हिशेबात ठेवण्यासाठी होते. तपासणी दोन्ही बाजूंची होती.

मासिक पास हा तिकिटाहून वेगळा प्रकार. तिकीट एका प्रवासापुरतं असतं, पास एका माणसाचा असतो. उपनगरी गाड्यांच्या दुसऱ्या वर्गाचा मासिक पास बरीच वर्षं साधारण १५ एकेरी प्रवासांच्या भाड्यावर बेतलेला होता. महिन्यात पन्नासएक फेऱ्या करणाऱ्याला तो केवढा स्वस्त पडतो ते सांगायला नको. तीन महिन्यांच्या पासला मासिकाच्या २.७ पट, सहा महिन्यांच्या पासला ५.४ पट आणि वर्षाच्या पासला १०.८ पट रक्कम. म्हणजे मुदत कितीही मोठी असली, तरी या तिन्ही पासांवरच्या सुटीचं प्रमाण सारखंच. जून २०१४ मध्ये हा हिशेब १५ ऐवजी ३० प्रवासांवर नेण्याचं जाहीर झालं होतं. म्हणजे पास जवळपास दुप्पट. महाराष्ट्रात ओरड झाली, खासदार दिल्लीत भेटले आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. पुणे–लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली, तेव्हापासून खडकी, दापोडी, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव इथल्या किती घरांची नोकरी आणि शिक्षण या स्वस्त पासवर चाललं आहे, हे त्या घरांनाच माहीत.

आणि म्हणूनच पास दुसऱ्याला देता येत नाही. ही सूट एका माणसाच्या रोजच्या येण्याजाण्याला दिलेली आहे. सकाळी मोठ्याने आणि दुपारी धाकट्याने तोच पास वापरला, तर कंपनीच्या नोकरांनी बंगालमध्ये जे केलं तेच आपण खडकीत केलं. फरक फक्त रकमेचा. रेल्वे कायद्याचं कलम ५३ असं हस्तांतरण मना करतं आणि कलम १४२ त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. पासवर ओळखपत्राचा क्रमांक का लिहायचा आणि ते ओळखपत्र जवळ का ठेवायचं, याचं उत्तर यातच आहे. आपल्याकडे अमानत हा शब्द मोठा आहे. नावाने मिळालेली सवलत ही अमानतच असते.

पण गोष्ट इथे संपत नाही. कायद्यात एक फार महत्त्वाचा भेद आहे आणि तो प्रवाशांना कुणी समजावून सांगत नाही. १८९० च्या जुन्या रेल्वे कायद्यातही तो होता, आणि १ जुलै १९९० पासून लागू झालेल्या १९८९ च्या कायद्यातही आहे. कलम १३७ आणि कलम १३८ ही दोन वेगळी कलमं आहेत. १३७ लागू होतं ते रेल्वेला फसवण्याच्या हेतूने विनातिकीट प्रवास करणाऱ्याला किंवा आधीच वापरलेलं तिकीट पुन्हा वापरणाऱ्याला. तिथे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि खास कारण नसेल तर किमान ५०० रुपये दंड. १३८ मध्ये हेतूचा प्रश्न नाही. तिकीट किंवा पास मागितल्यावर दाखवता आला नाही, किंवा हद्दीपुढे गेलात, तर भाडं भरा आणि वर जादा रक्कम भरा. ही जादा रक्कम भाड्याइतकी किंवा २५० रुपये, जे जास्त असेल ते.

उर्दूत सांगायचं तर १३८ म्हणजे कसूर आणि १३७ म्हणजे गुन्हा. दोघांमध्ये फरक करते ती नीयत. आपल्या दीनी शिकवणुकीत नीयतीचं स्थान काय आहे हे वेगळं सांगायला नको. नमाज, रोजा, हज, प्रत्येक अमलाच्या आधी नीयत येते. कायदा दिल्लीत लिहिला गेला, पण त्यातही माणसाच्या कृतीबरोबर त्याचा इरादा पाहिलेला आहे. पास घरी विसरलेली मुलगी आणि पासवरची तारीख खोडून नवी लिहिणारा माणूस हे कायद्याला एकसारखे नाहीत. पहिली पैसे भरते. दुसरा न्यायाधीशासमोर उभा राहतो.

कायद्यात कनवाळूपणाच्याही दोन जागा आहेत. कलम ५५ प्रमाणे तिकिटाशिवाय गाडीत चढायची वेळ आली, तर रेल्वेच्या अधिकृत कर्मचाऱ्याला आधी सांगून, भाडं नंतर भरण्याच्या अटीवर प्रवासाची परवानगी आणि तसा दाखला घेता येतो. असा दाखला जवळ असेल तर जादा रक्कम लागत नाही, फक्त भाडं द्यावं लागतं. आपण होऊन सांगितलं की नीयत उघड झाली. दुसरी जागा कलम १३९ मध्ये. पैसे न भरणाऱ्या प्रवाशाला गाडीतून उतरवता येतं, पण सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला वाटेल त्या स्थानकावर उतरवता येत नाही. प्रवास जिथून सुरू झाला ते स्थानक, जंक्शन, शेवटचं स्थानक किंवा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणचं स्थानक, इथेच. आणि तेही दिवसाउजेडीच. कॉलेजला जाणाऱ्या प्रत्येक मुलीला हे पाठ असायला हवं.

तिकिटाला वैध करण्याचा आणखी एक प्रकार मुंबईकरांनी पाहिलेला आहे. तिथे कूपनांची पुस्तिका मिळायची. कूपन जवळ असून भागत नसे. स्थानकावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळ आणि स्थानक उमटवावं लागे. ठसा नसलेलं कूपन म्हणजे नुसता कागद, आणि प्रवासी विनातिकीट. कुठे रांग असायची, कुठे यंत्र बंद पडलेलं असायचं, आणि प्रवाशाने पैसे आधीच मोजलेले असायचे! युरोपातही असंच. इटलीत कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घेतलं नाही तर दंड होतो. तिथे अनेक देशांत चालणाऱ्या रेल्वे पासवर त्या दिवसाची नोंद गाडीत बसण्याआधी करावी लागते. आता मोबाइलवर पास निघतो. पण त्याचा फोटो काढून ठेवला तर तो पास ठरत नाही. मूळ पास ॲपमध्येच दाखवावा लागतो. यंत्र बदललं, पण तत्त्व एडमंडसनच्या वेळचंच राहिलं. पैसे दिले एवढं पुरत नाही, ते कधी आणि कुठल्या प्रवासासाठी दिले हेही उमटलं पाहिजे.

आता उलट बाजू. तिकीट पूर्ण वैध असूनही माणूस बाहेर फेकला गेल्याचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या पाठ्यपुस्तकात आहे. ७ जून १८९३ च्या रात्री पीटरमारित्झबर्ग स्थानकावर मोहनदास गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं गेलं. ते तिकीट त्यांच्यासाठी काढलं होतं पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला शेठ यांच्या पेढीने. तिकिटात काही खोट नव्हती. खोट काढली गेली ती माणसाच्या रंगात. गांधींनी रेल्वेच्या मुख्य व्यवस्थापकाला लांबलचक तार केली, अब्दुल्ला शेठ स्वतः त्याला जाऊन भेटले. पुढे त्याच प्रवासात आणखी एक प्रसंग घडला, तो कमी सांगितला जातो. जोहान्सबर्गहून प्रिटोरियाकडे जाताना गार्ड तिकिटं तपासायला आला. गांधींकडे पहिल्या वर्गाचं तिकीट असूनही त्याने तिसऱ्या वर्गात जा असं खुणावलं. डब्यात एक इंग्रज प्रवासी होता. त्याने गार्डला सुनावलं की यांच्याकडे तिकीट आहे, यांना त्रास का देतोस. गार्ड पुटपुटत निघून गेला.

कंपनीच्या नोकराकडे खोटा दस्तक होता आणि त्याला कुणी अडवलं नाही. गांधींकडे खरं तिकीट होतं आणि त्यांना उतरवलं गेलं. दोन्ही ठिकाणी चूक एकच. तपासणाऱ्याने कागदाऐवजी माणूस पाहिला. एकाकडे ताकद दिसली, दुसऱ्याकडे रंग दिसला.

माझ्या ओळखीतल्या एका विद्यार्थिनीला दोन वर्षांपूर्वी एका स्थानकावर थांबवलं. बुरखा घातलेला, हातात पुस्तकं. पास चालू मुदतीचा, पण ओळखपत्र दुसऱ्या पिशवीत राहिलेलं. नियमाप्रमाणे २५० रुपये आणि भाडं मागितलं, ते मला चूक वाटत नाही. पण सोबत एक वाक्य ऐकवलं गेलं की तुम्ही लोक कधी तिकीट काढता का. उपनगरी गाडीचं किमान भाडं ५ रुपये. जादा रक्कम झाली त्याच्या पन्नासपट. ते पैसे तिच्या वडिलांनी दिले आणि विषय संपला. ते वाक्य मात्र संपलं नाही. त्यानंतर तिने महिनाभर लोकल सोडून शेअर रिक्षा धरली, आणि तिचा महिन्याचा खर्च कितीतरी वाढला. दंडाची पावती मिळते, अपमानाची मिळत नाही.

गंमत अशी की रेल्वेने एका पासचं नावच ‘इज्जत’ ठेवलं होतं. २००९ मध्ये ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना ही योजना आली. ज्यांचं महिन्याचं उत्पन्न १५०० रुपयांपर्यंत आहे, त्यांना १०० किलोमीटरपर्यंतचा मासिक पास २५ रुपयांत. नाव ठेवणाऱ्याला कळलं होतं की गरीब माणसाला भाड्यापेक्षा वैध तिकीट खिशात असण्याची इज्जत जास्त हवी असते. आणखी एक सवलत आपल्याकडे अनेकांना माहीतच नाही. घर ते शाळा-कॉलेज या प्रवासासाठी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत मोफत आहे. मदरशात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचाही त्यात समावेश आहे. त्यासाठी संस्थेचा दाखला लागतो. इतका सोपा हक्क असताना कुणी पोरगा भावाच्या पासवर किंवा तिकिटाशिवाय प्रवास करतो, तेव्हा त्याच्या शाळेने, मशिदीच्या कमिटीने आणि मोहल्ल्यातल्या शिकलेल्या लोकांनी आपण काय केलं याचा विचार करावा.

म्हणून मुलांना दोन गोष्टी एकत्र शिकवायला हव्यात. पास स्वतःच्या नावाचा, चालू मुदतीचा, ओळखपत्रासकट जवळ ठेवा. मुदत संपायच्या आत नवा काढा. हद्दीपुढे जायचं असेल तर आधी तिकीट घ्या. काही राहून गेलं असेल तर तपासनीस येण्याची वाट न पाहता स्वतः जाऊन सांगा. ही झाली आपली नीयत. दुसरी गोष्ट, पैसे भरावे लागले तर शांतपणे भरा आणि पावती घ्या. पावतीवरची रक्कम वाचा. कुणी धर्मावरून, कपड्यांवरून बोललं, तर तारीख, वेळ आणि गाडी लिहून ठेवा आणि रीतसर तक्रार करा, जशी अब्दुल्ला शेठनी केली. नियम मोडल्याचे पैसे घेण्याचा अधिकार रेल्वेला आहे. त्या पैशांबरोबर माणसाची लायकी ठरवण्याचा अधिकार कुठल्याच कलमाने कुणाला दिलेला नाही.

आणि डब्यात दुसऱ्या कुणाला असं ऐकवलं जात असेल, तर त्या इंग्रज प्रवाशासारखं एक वाक्य बोला. त्यांच्याकडे पास आहे, तो पाहा. एवढं पुरतं.